संप फसला, आता पुढे काय?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं ॲपवर जेवण पोचवणाऱ्यांची आहेत. मी पाच वर्षं पाठीवर बॅग घेऊन हेच काम केलं आणि आता पूर्ण वेळ संघटनेचं काम करते, त्यामुळे या पत्रांतलं दुखणं मला नवं नाही. पाच पत्रं निवडली आहेत. लिहिणाऱ्यांच्या विनंतीवरून नावं आणि गावं काढून टाकली आहेत.

प्रश्न : ताई, आमच्या झोनमध्ये ऐंशीएक रायडर आहोत. एका रात्रीत रेट कार्ड बदललं आणि लांबच्या ड्रॉपचे, म्हणजे दूर पोचवायच्या ऑर्डरचे, पैसे कमी झाले. आम्ही व्हॉट्सॲपवर गट काढला, रविवारी सगळ्यांनी लॉगआउट करायचं ठरलं. दुपारपर्यंत छान चाललं. सातच्या सुमाराला ॲपने इन्सेंटिव्ह वाढवला आणि नऊपर्यंत निम्मी पोरं परत ऑनलाइन. आता गटावर एकमेकांना गद्दार म्हणणं चाललंय. पुढाकार माझा होता. परत कुणी माझ्यावर विश्वास ठेवेल का?

भाऊ, आधी गटातून तो 'गद्दार' शब्द काढा. आजच काढा.

माझा पहिला संप असाच मोडला होता. सगळ्यात आधी लॉगिन झाला तो दोन वर्षं माझ्या शेजारी गाडी लावणारा, माझा मोबाइल बंद पडला की स्वतःची पॉवर बँक काढून देणारा. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. मग तोच जवळ येऊन म्हणाला, "पाच तारखेला माझ्या गाडीचा हप्ता कापला जातो. तुम्ही संप चार तारखेला ठेवलात. खात्यात पैसे नसते तर वर दंड बसला असता." मला हे माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. रविवारी ऑर्डरी जास्त असतात म्हणून मी ती तारीख धरली होती. कंपनीचं नुकसान किती होईल ते मोजलं होतं, आमच्यातल्या कुणाचं किती होईल ते मोजलं नव्हतं.

म्हणून पुढचे दोन-तीन आठवडे गटावर काही लिहू नका. ऐंशीपैकी निदान पंचवीस जणांना एकेकटं गाठा आणि समोरासमोर बोला. गाडी स्वतःची की भाड्याची, हप्ता किती तारखेला, घरात आणखी कोण कमावतं, दुसऱ्या ॲपवरही काम आहे का, मागच्या महिन्यात कुठे अडलं, एवढं विचारा आणि ऐकून घ्या. त्या रात्री जे लॉगिन झाले त्यांच्याकडे सगळ्यात आधी जा. त्यांच्याकडून माफी मागून घेऊ नका. उलट 'तारीख ठरवताना माझा हिशेब चुकला' हे तुम्ही सांगा. पुढाकार घेणाऱ्याच्या तोंडून हे वाक्य निघालं की माणसं मोकळी होतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

कारखान्यात पाळी सुटली की सगळे एकाच फाटकातून बाहेर पडत, आणि युनियन त्या फाटकाशी उभी राहिली. आपल्याला फाटक नाही. ॲपला आपण सगळे एकदम दिसतो, आपल्याला मात्र फक्त आपापला पडदा दिसतो. तेव्हा जिथे चारजण ऑर्डर निघायची वाट बघत उभे राहतात, तेच आपलं फाटक समजा. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनमध्ये डिलिव्हरू कंपनीने तासाला ७ पौंड आणि वर ड्रॉपमागे १ पौंड ही पद्धत सोडून नुसते ड्रॉपमागे ३.७५ पौंड देण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हा रायडरांनी काम थांबवलं. जवळपास आठवडाभर ते टिकले, आणि नव्या कराराची सक्ती करणार नाही, असं कंपनीला म्हणावं लागलं. तिथल्या रायडरांना ऑर्डरची वाट बघायला झोनमध्ये ठरलेल्या जागा होत्या. ओळखी तिथे झालेल्या होत्या. गट फोनवर वाढला, पण आधी माणसं एकमेकांना चेहऱ्याने ओळखत होती.

आता माझ्याकडची एक गोष्ट सांगते, कारण तुमच्या उपयोगाची तीच आहे. पावसाळ्यातली संध्याकाळ होती. पिकअपच्या दाराशी आम्ही चौघं पत्र्याखाली अंग चोरून उभे. माझा आणि एका नव्या मुलाचा फोन एकदमच वाजला. किचन एकच, ड्रॉप एकाच इमारतीत, फक्त मजले वेगळे. मी दोन्ही पडदे शेजारी शेजारी धरले. त्याच्या पडद्यावरचा आकडा माझ्याहून बराच मोठा होता. तो बिचारा ओशाळून म्हणाला, "ताई, मी नवीन आहे म्हणून असेल." तिसरं वर्ष चालू होतं माझं, आणि असं असू शकतं हे मला त्या पत्र्याखाली पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही घेतली आणि रकाने आखले : तारीख, ॲपने दाखवलेलं अंतर, गाडीच्या मीटरवरचं अंतर, किचनबाहेर थांबलेली मिनिटं, हातात आलेली रक्कम. आम्ही अकराजण तीन आठवडे लिहीत होतो. काहींना लिहायचा कंटाळा, ते बोलून सांगत आणि मी टिपून घेई. तीन आठवड्यांनी अकरापैकी नऊजणांचं मीटर ॲपच्या अंतरापेक्षा रोज जास्त भरत होतं. एका ठिकाणी तर नकाशा रस्ता सरळ ओलांडून दाखवत होता, आणि तिथे दुभाजक होता. वळायला पुढच्या चौकापर्यंत जाऊन परत यावं लागे. हा फेरा रोज आमच्या पेट्रोलवर चालला होता.

संपाच्या दिवशी आम्ही कंपनीच्या ऑफिसबाहेर उभे होतो तेव्हा कुणी बाहेर आलं नव्हतं. वही घेऊन गेलो तेव्हा मॅनेजर खुर्ची ओढून बसला आणि पानं उलटत राहिला. दुभाजकाची चूक पंधरा दिवसांत दुरुस्त झाली, आमच्या अकराजणांसाठी नाही, सगळ्या झोनसाठी. थांबण्याचे पैसे मिळाले नाहीत. पण ज्यांनी काही लिहिलं नव्हतं ते आपणहून विचारायला लागले, वही आता कुणाकडे आहे?

संप करूच नका, असं मी म्हणत नाही. पण वही आधी. मागणी एकच ठेवा आणि ती वहीतून निघालेली असू द्या. पूर्ण दिवसाऐवजी गर्दीचे तीन-चार तास धरा, कारण तेवढं बहुतेकांना झेपतं. हप्त्यांच्या तारखा टाळा. आधी दोन महिने थोडीथोडी वर्गणी जमवा आणि तिचा हिशेब सगळ्यांना दिसेल असा लिहून ठेवा. आणि संध्याकाळी इन्सेंटिव्ह वाढणार हे आधीच सगळ्यांना सांगून टाका. वाढेल तेव्हा काय करायचं हे त्याच बैठकीत ठरू द्या. तुमच्या पोरांना सात वाजता तो आकडा अचानक दिसला. आधीच ठाऊक असता तर तो एवढा मोठा वाटला नसता.

प्रश्न : करारात आम्हाला 'भागीदार' म्हटलंय. टीम लीडर म्हणतो, तुम्ही कर्मचारी नाही, तुम्हाला युनियन करताच येत नाही. हे खरं आहे का?

पहिली गोष्ट, एकत्र येण्यासाठी तुमच्या टीम लीडरची परवानगी लागत नाही. भारताच्या राज्यघटनेतलं कलम १९(१)(ग) प्रत्येक नागरिकाला संघटना स्थापन करण्याचा हक्क देतं. कंपनीने त्या संघटनेशी बोलणी करायला हवीत की नाही, हा पुढचा आणि जास्त अवघड प्रश्न आहे. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि पहिलीच सोडून देतात.

तुम्ही कर्मचारी आहात की नाही यावर देशोदेशी कोर्टात भांडणं झाली आहेत आणि निकाल एकसारखे नाहीत. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या श्रमसंबंध मंडळाने सांगितलं की, फूडोरा कंपनीचे रायडर 'अवलंबून असलेले कंत्राटदार' आहेत आणि त्यांना युनियन करता येते. पुढे कंपनीने मे महिन्यात कॅनडातला धंदाच बंद केला. युनियन हवी का यावर रायडरांनी आधीच दिलेली मतं त्यानंतर मोजली, तेव्हा जवळपास ८९ टक्के मतं युनियनच्या बाजूने निघाली. ते वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. तरी त्या निकालाने पुढच्यांसाठी पायवाट पाडली.

इंग्लंडमध्ये उलट झालं. तिथल्या युनियनने डिलिव्हरूकडे मान्यता मागितली. करारात एक कलम होतं, की रायडर आपल्या जागी दुसऱ्या कुणालाही पाठवू शकतो. ज्याला आपल्या जागी दुसरा पाठवता येतो तो नोकरदार कसा, असा तो मुद्दा. त्यावर रायडर आधी हरले आणि २१ नोव्हेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयातही हरले. बघा, एका कलमावर केवढी मोठी लढाई गेली. स्पेनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये ग्लोव्हो कंपनीच्या रायडरला नोकरदार ठरवलं, आणि २०२१ मध्ये तिथे रायडरांसाठी कायदाच आला. काम वाटणारा अल्गोरिदम कोणत्या निकषांवर चालतो हे कामगार प्रतिनिधींना सांगावं, अशी तरतूद त्यात आहे. त्या पत्र्याखाली मला जो प्रश्न पडला होता, तो विचारायचा हक्क तिथे कायद्यात आहे.

भारतात २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' यांच्या व्याख्या आल्या आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची आहे. कामगारांना दिल्या जाणाऱ्या एकूण पैशांच्या ५ टक्के ही त्यावरची मर्यादा आहे. त्याआधी २०२३ मध्ये राजस्थानने स्वतःचा कायदा केला, असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. पण एवढ्याने आपण कर्मचारी झालो असं समजू नका. विमा, अपघात, म्हातारपण यांची सोय हा एक भाग झाला. किमान दर, कामाचे तास आणि आयडी, म्हणजे ॲपवरचं आपलं खातं, बंद करण्याआधी आपलं ऐकून घेणं, हा दुसरा भाग, आणि तो मागायला संघटनाच लागणार.

आता स्वतःचा करार उघडा. चार गोष्टी शोधा : दर कोण ठरवतं, ऑर्डर नाकारली तर काय होतं, आयडी कोण आणि कशावरून बंद करतं, आणि तुमच्या जागी दुसऱ्याला पाठवता येतं का. प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. 'मान्य आहे' वर बोट दाबलं की नवा करार येतो आणि जुना पुन्हा सापडत नाही.

प्रश्न : मी नोकरदार आहे, आठवड्यातून दोन-तीनदा जेवण मागवते. टिप देते, खाली उतरून पार्सल घेते. संपाच्या दिवशी ग्राहकाने काय करावं?

त्या दिवशी ऑर्डर देऊ नका, एवढंच. १ जुलै २०२० ला ब्राझीलमध्ये रायडरांनी देशभर काम थांबवलं, तेव्हा ग्राहकांना हीच विनंती होती : आज मागवू नका, आणि ॲपला कमी रेटिंग द्या. टिप जरूर द्या, पण ती हातात द्या किंवा पोचते का हे विचारून द्या. आणि उशीर झाला म्हणून रेटिंग कापण्याआधी उशीर कुणामुळे झाला हे एकदा विचारा. किचनने वीस मिनिटं लावलेली असतात आणि तारे आमचे जातात. खाली उतरता, हे वाचून मात्र खरंच बरं वाटलं.

प्रश्न : गटाचा ॲडमिन मी आहे. आता भीती वाटते की माझं नाव वर गेलं तर आयडी ब्लॉक होईल. ॲडमिनपद सोडू का?

सोडू नका, वाटून घ्या. निदान चार ॲडमिन करा, वेगवेगळ्या भागांतले, म्हणजे एकाचा आयडी गेला तरी गट जागेवर राहील.

तुमची भीती खोटी नाही. मेलबर्नमध्ये फूडोराच्या एका रायडरने सहकाऱ्यांचा टेलिग्राम गट चालवला होता. कंपनीने गटाचा ताबा मागितला, त्याने दिला नाही, आणि त्याला काढून टाकलं. तो तिथल्या श्रम आयोगाकडे गेला. नोव्हेंबर २०१८ मध्ये आयोगाने तो नोकरदारच होता आणि त्याला अन्यायाने काढलं, असा निकाल देऊन भरपाई मंजूर केली. तोवर कंपनीने ऑस्ट्रेलियातून गाशा गुंडाळला होता, तरी जगभर गट चालवणाऱ्या माणसांनी तो निकाल जपून ठेवावा असा आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशात तर रायडरांना एकमेकांशी खाजगीत बोलता येईल अशी सोय कंपन्यांनीच करावी असं म्हटलंय. शिवाय खातं बंद करण्यासारखा निर्णय माणसाने घ्यावा, नुसता यंत्राने नाही, हेही त्यात आहे. सदस्य देशांना ते कायद्यात आणायला २ डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत आहे.

आता रोजच्या वापरातली काळजी. गटावर ग्राहकाचा पत्ता, फोन नंबर, फोटो कधीही टाकू देऊ नका, ग्राहक कितीही उद्धट वागलेला असो. आयडी बंद करायला कंपनीला याहून सोपं कारण मिळणार नाही, आणि ती चूक आपलीच असेल. शिव्या पुसा. अफवा आली तर 'स्क्रीनशॉट दाखवा' म्हणा.

आणि एक गोष्ट आज रात्रीच करा. दर आठवड्याचा पेआउट, किती ऑर्डरी केल्या, रेटिंग, सगळं ॲपबाहेर जपून ठेवा, घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवा. आयडी बंद झाला की आपली जुनी कमाई बघायचं पानही बंद होतं. आमच्या इथल्या एका मुलाचा आयडी दुपारी बंद झाला. चार वर्षांचं काम, हजारो ऑर्डरी, आणि भांडायला गेला तेव्हा त्याच्या हातात स्वतः काम केल्याचा एकही कागद नव्हता. मी त्याच्यासोबत गेले होते. 'सपोर्टला मेल करा' एवढंच उत्तर मिळालं. तीन महिने आम्ही बँकेच्या नोंदींवरून त्याचा हिशेब जुळवत बसलो. आयडी परत आला, पण तीन महिन्यांची कमाई गेली ती गेलीच.

प्रश्न : ताई, आमच्या झोनमध्ये आम्ही पाचच जणी आहोत. दिवसभर बाथरूमची सोय नाही. किचनवाले 'स्टाफसाठी आहे' म्हणतात. पुरुषांच्या बैठकीत हा विषय काढायची लाज वाटते, आणि काढला तर 'आधी रेटचं बघू' म्हणतात.

बाई, हा विषय तुम्ही लिहिलात याबद्दल मी तुमची आभारी आहे. मी सकाळी अकराला घरातून निघाले की संध्याकाळी सहापर्यंत पाणी पीत नसे. दुसऱ्या वर्षी लघवीचा संसर्ग झाला, तो पुन्हा पुन्हा होत राहिला. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी परत तसंच.

'आधी रेट' म्हणणाऱ्यांना न्यूयॉर्कचं सांगा. तिथले रायडर बहुतेक स्थलांतरित. २०२० मध्ये ते 'लॉस डेलिव्हरिस्तास उनिदोस' या नावाने एकत्र यायला लागले. त्यांच्या पहिल्या मागण्यांत रेस्टॉरंटचं स्वच्छतागृह वापरू द्या, ही मागणी होती. २०२१ मध्ये शहराने कायदा केला, की ऑर्डर न्यायला आलेल्या रायडरला रेस्टॉरंटने स्वच्छतागृह वापरू द्यायला हवं. किमान मोबदला त्यानंतर आला. कंपन्या कोर्टात गेल्या, हरल्या, आणि डिसेंबर २०२३ पासून तासाला १७.९६ डॉलर लागू झाले. एप्रिल २०२५ पासून तो दर २१.४४ डॉलर झाला. बाथरूमसाठी एकत्र आलेली माणसंच दरासाठी लढली. आणि पुरुषांना गरज नसते का? ते आडोसा शोधतात आणि गप्प बसतात, एवढंच.

बैठकीत पाचहीजणी एकत्र जा आणि एकीनेच उभं राहून बोलायचं असं नको, प्रत्येकीने एकेक वाक्य बोला. आम्ही तिघीच होतो. मी बोलताना खाली बघत होते, आवाज घशातून निघत नव्हता. बोलून झाल्यावर मागच्या रांगेतला एक पन्नाशीचा रायडर उठला आणि म्हणाला, "मला साखरेचा त्रास आहे. मला तासाला जावं लागतं. मी आजवर कुणाला बोललो नाही."

त्याच बैठकीत आम्ही वहीच्या मागच्या पानापासून यादी सुरू केली : कोणतं किचन जाऊ देतं, कोणतं नाही, कुठे कडी आहे, कुठे पाणी आहे, रात्री कुठे दिवा असतो. नाही म्हणणाऱ्या किचनांकडे तिघातिघांनी जाऊन नीट शब्दांत विनंती केली. बरीचशी ऐकली. त्यांच्या पोरांनाही आमच्याशी रोजचं काम असतं. जी ऐकली नाहीत त्यांची यादी अजून माझ्याकडे आहे आणि आम्ही अजून जातो.

तुमच्या झोनची यादी सुरू करा. पहिल्या दहा जागा झाल्या की मला पाठवा, आमचे रकाने कसे आखले आहेत त्याचा फोटो मी तुम्हाला पाठवते.